एकसष्टावी ओळ

१

बुधवारी सकाळी पत्र आलं आणि अकराच्या आत चोर ठरूनही गेला. आमच्या कंपनीत इतक्या वेगाने दुसरं कुठलंच काम होत नाही.

पत्र चार ओळींचं होतं. "तुमच्या नव्या लिफ्ट-बॉक्समध्ये माझा कोड आहे. तो फुकट वापरा, बदला, विका. अट एवढीच, की फाईलच्या डोक्यावर माझं नाव आणि लायसन्स राहील आणि तुम्ही केलेले बदल सगळ्यांना खुले कराल. तुम्ही नाव फाडलंत. सोमवारच्या आत परत लावा, नाहीतर एकही बॉक्स विकू देणार नाही." खाली सही होती: चिमणी.

चिमणी हे टोपणनाव. जगात कितीतरी माणसं आपला कोड उघड्यावर ठेवतात, कोणीही घ्यावा म्हणून, आणि बदल्यात मागतात ते फक्त आपलं नाव आणि थोडा शिष्टाचार. आमच्या दोन हजार माणसांच्या कंपनीत हा शिष्टाचार पाळला जातो की नाही, हे बघायचं काम माझं आणि माझ्या स्कॅनरचं, म्हणजे कोड तपासणाऱ्या प्रोग्रामचं. आमच्यापैकी कोणाला स्वतःचा कोड असा बाहेर द्यायचा असेल, तर त्याच्या अर्जावर सही करायची तीही मीच. तोंडावर मला 'ताई' म्हणतात आणि पाठीमागे 'जकात नाका'. मला दोन्ही ऐकू येतं.

संचालकबाईंच्या खोलीत मी पोहोचले तेव्हा प्रकल्पाचा प्रमुख अहवाल घेऊन बसलेला होता. हा गृहस्थ सगळ्यांना स्वतःला 'दादा' म्हणायला लावतो, कारण आपण सगळे एक कुटुंब आहोत. त्याच्या कुटुंबात वाढदिवस त्याचा असतो आणि भांडी बाकीचे घासतात.

"नोंद स्पष्ट आहे," दादा म्हणाला. "चौदा तारखेला नाव पुसलं गेलं, नवीच्या अकाउंटवरून. लहान आहे, घाईत केलं असेल. पण चोरी ती चोरी."

नवी म्हणजे आठ महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. अजून तिच्या नावापर्यंत कोणी पोहोचलेलं नव्हतं.

संचालकबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्या स्कॅनरने हा कोड पास केला. खाली सही तुमची आहे. काय झोपा काढत होता?"

"शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

"शुक्रवारी बारा वाजता तिला पत्र देणार. त्यात चोरी हा शब्द असेल. तोपर्यंत काय शोधायचं ते शोधा."

चोरी हा शब्द पत्रात गेला की या धंद्यात त्या मुलीला कोणी दारात उभं करणार नव्हतं. मला तिचं फार वाईट वाटलं असं नाही. खरं सांगायचं तर मलाही तीच चोर वाटली होती, आणि माझी सही वापरून मला उल्लू बनवल्याचा राग डोक्यात होता.

जागेवर येऊन मी ती फाईल उघडली. डोक्यावर चिमणीचं नाव नव्हतं, आमच्या कंपनीचा शिक्का होता, म्हणजे कोड कंपनीच्या मालकीचा आहे असं सांगणारी टाईप केलेली ओळ. मी खाली सरकत गेले. एकसष्टाव्या ओळीवर नाव जसंच्या तसं होतं.

२

ती ओळ म्हणजे कोड लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेला शेरा होता. लिफ्टने आधी कोणत्या मजल्यावर जायचं हे ठरवणारा तो कोड, आणि शेऱ्यात लिहिलं होतं: "घाई करणाऱ्याला नाही, थांबलेल्याला आधी. – चिमणी."

मूळ फाईल इंटरनेटवर होतीच. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. मूळ फाईलमध्ये चिमणीचं नाव चार ठिकाणी होतं: तिसऱ्या, सत्ताविसाव्या, अठ्ठेचाळिसाव्या आणि एकसष्टाव्या ओळीवर. पहिली तीन पुसलेली, चौथं शाबूत.

आता साधा चोर काय करेल? नाव शोधेल आणि सापडेल तिथे पुसेल. एका बटणाचं काम आहे. या माणसाने मात्र वरून वाचत येऊन हाताने पुसलं आणि पन्नासाच्या अलीकडे हात आखडता घेतला.

पन्नास हा आकडा मी लगेच ओळखला, कारण तो माझा होता. माझा स्कॅनर पूर्वी प्रत्येक फाईल शेवटपर्यंत वाचायचा. त्याला सहा तास लागायचे आणि सगळा मजला माझ्या नावाने बोटं मोडायचा. दोन महिन्यांपूर्वी मी कंटाळले आणि त्याला फक्त पहिल्या पन्नास ओळी वाचायला लावलं. लायसन्स वरच असतं, म्हटलं, खाली कोण बघतंय!

ही शरमेची गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. फक्त तिघांना कळवणं नियमाने भाग होतं, म्हणून तिघांना लिहून कळवलं होतं. एक दादा. दुसऱ्या कंपनीच्या वकीलबाई. तिसरे भट्टीकाका. आमच्याकडे सगळ्यांचा कोड एकत्र करून ज्या मशीनवर तयार माल बनतो, तिला भट्टी म्हणतात, आणि ती गेली अठरा वर्षं सांभाळणारे ते भट्टीकाका.

नवीला पन्नास ओळींचं माहीत असायचं काही कारणच नव्हतं. म्हणजे चोर त्या तिघांत होता आणि तिघांच्याही पगाराचा आकडा माझ्यापेक्षा मोठा होता.

३

नवी खोक्यात सामान भरत होती. तिचं अकाउंट सकाळीच बंद केलेलं होतं.

"बोल," मी म्हटलं.

"काय बोलू? तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय ना?"

"हा कोड आणला कोणी?"

"मीच आणला. नाव, लायसन्स, सगळं तसंच ठेवून. बाहेरून आणलेल्या कोडच्या यादीतही लिहिला होता. दादांना दाखवलं. ते म्हणाले, यादी माझ्याकडे दे, ताईंना मी सांगतो."

"मला कोणी सांगितलं नाही. माझ्याकडे आलेल्या यादीत हा कोड नाही."

"मग मी खोटं बोलतेय," ती म्हणाली आणि हातातला कॉफीचा मग खोक्यात फेकला. मगाचा कान तुटला. "जा, लिहा अहवालात."

"चौदा तारखेला काय केलंस?"

"त्या आठवड्यात मी ती फाईल उघडलीच नाही. दिवसभर दादांनी दिलेली टेस्ट चालू होती माझ्या लॅपटॉपवर."

तिच्या टेबलाच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी अजून चिकटलेली होती: "टेस्ट चालू आहे. लॅपटॉप बंद किंवा लॉक करू नये. – दादा." चिठ्ठीवर चौदा तारीख होती. मी ती काढून वहीत ठेवली.

वकीलबाईंनी मला बसा म्हटलं नाही. त्या कोणालाच म्हणत नाहीत. माणूस बसला की वेळ लागतो असं त्यांचं मत आहे. मी फाईलचा कागद पुढे ठेवला. त्यांनी शिक्का वाचला आणि ओठ मुडपले.

"हे काय? यात कंपनीचं जुनं नाव आहे. दोन वर्षांपूर्वी आपण विलीन झालो तेव्हा शिक्का बदलला. मी स्वतः प्रत्येक मशीनवरचा जुना काढायला लावला."

"मग हा आला कुठून?"

"कोणाच्या तरी डोक्यातून. ज्याने वर्षानुवर्षं हाताने टाईप केलाय त्याच्या. तुम्ही निघा आता, मला काम आहे."

दादाने मात्र मला खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि मगच दात दाखवले.

"ताई, तुम्ही का जिवाला घोर लावून घेता? मुलीचं नाव नोंदीत आहे. तुम्ही जास्त उकरलंत तर विषय स्कॅनरवर जाईल. पन्नास ओळी वगैरे. मला तुमची काळजी वाटते."

"चौदा तारखेला दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"वर, संचालकबाईंबरोबर. विचारा त्यांना." तो हसला. "सोमवारी बॉक्स बाजारात जातोय. मी सगळ्यांसमोर सांगितलंय, शंभर टक्के आपला कोड. माझ्या पोरांनी लिहिलेला. ते खोटं ठरवू नका."

दारापर्यंत पोहोचले आणि त्याचं एक वाक्य डोक्यात अडकलं. बॉक्स सोमवारी बाजारात जाणार होता, म्हणजे बाहेर तो कोणी बघितलेलाच नव्हता. मग चिमणीला आत काय आहे हे कळलं कसं?

४

गुरुवारी सकाळी मी कपाट उघडलं. त्या कपाटात मी नामंजूर केलेले अर्ज आहेत. 'माझा कोड समाजाला द्यायची परवानगी मिळावी' असे अर्ज. मंजूर अर्जांची फाईल बारीक आहे. नामंजुरांना कपाट लागतं. यावरून मला लोक का शिव्या घालतात ते कळेल.

चिमणी आतली असेल, तर तिने कधीतरी सरळ दारानेही यायचा प्रयत्न केला असेल, असा माझा हिशेब होता. दीड तास धूळ खाल्ल्यावर तीन वर्षांपूर्वीचा एक अर्ज हाताला लागला. "घरी, सुटीच्या दिवशी लिहिलेला छोटा कोड. लिफ्टची रांग लावतो. कंपनीचं काही वापरलेलं नाही. बाहेर द्यायचा आहे." आणि वैशिष्ट्य या रकान्यात, निळ्या शाईत: "घाई करणाऱ्याला नाही, थांबलेल्याला आधी."

खाली आडवं लिहिलेलं होतं, 'नामंजूर'. पुढे माझी सही. कारणाचा रकाना कोरा होता.

मी कारण आठवायचा प्रयत्न केला. कारण नव्हतंच. त्या दिवशी माझ्या टेबलावर अर्ज फार होते आणि नाही म्हणायला कमी वेळ लागतो.

मग मी अर्जदाराचं नाव बघितलं. भट्टीकाका. पन्नास ओळींचं माहीत असलेल्या तिघांपैकी एक.

५

भट्टीची खोली थंड असते आणि त्यात पंख्यांचा एकसारखा आवाज असतो. काका पाठमोरे बसले होते. मी अर्ज त्यांच्यापुढे टाकला.

"चिमणी तुम्ही."

त्यांनी वळून बघितलं, अर्जाकडे नाही, माझ्याकडे. "तीन वर्षांनी वाचलात वाटतं."

"परवानगी नसताना कोड बाहेर दिलात. नोकरी जाऊ शकते, माहीत आहे?"

"म्हणूनच टोपणनाव घेतलं. मूर्ख आहे का मी?"

"आणि आता कंपनीला तोंडावर पाडायला स्वतःचं नाव स्वतःच पुसलंत, मुलीच्या अकाउंटवरून. पन्नास ओळींचं तुम्हाला माहीत होतं. जुना शिक्काही सोळा वर्षं तुमच्याच हाताखालून गेलाय."

मला वाटलं ते ओरडतील. ते उठले, कपाटातून एक कागद काढला आणि माझ्या छातीशी धरला. "भट्टीत आलेल्या प्रत्येक बदलाची नोंद मी ठेवतो. दादाने तुम्हाला तारीख दिली. वेळ दिली का?"

दिली नव्हती. आणि मीही विचारली नव्हती. एवढी वर्षं लोकांना 'नीट वाचा' म्हणून छळते, आणि स्वतः चिडले होते म्हणून पूर्ण नोंद बघितलीच नाही.

कागदावर लिहिलं होतं: चौदा तारीख, गुरुवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं.

"त्या गुरुवारी चार ते पाच मी कुठे होतो?" काका म्हणाले. "तुमच्या क्लासमध्ये. मागच्या रांगेत. तासभर तुमच्याशी भांडत होतो, की कंपनी समाजाकडून घेते आणि परत काही देत नाही. तुम्ही म्हणालात, मुद्द्यावर या. विसरलात?"

विसरले नव्हते. दर गुरुवारी चारला मी लायसन्सचा क्लास घेते. मजल्यावरच्या प्रत्येकाला सक्ती. लॅपटॉप आणू देत नाही, कारण माणसं समोर मान डोलवतात आणि खाली दुसरंच काम करतात. चार वाजून पाच मिनिटांनी मी दार आतून लावते आणि पाचपर्यंत कोणालाही सोडत नाही. पालथ्या घड्यावर पाणी, पण घडे तरी जागेवर राहतात.

म्हणजे दर गुरुवारी तासभर सगळ्या मजल्यावर माणूस नसतं आणि लॅपटॉप टेबलावर असतात. ही सोय चोराला मीच करून दिली होती.

"माझ्याकडे सरळ का नाही आलात?" मी विचारलं. "मुलगी मरतेय मध्ये."

"तुमच्याकडे आलो होतो. एका शब्दात हाकललंत." ते पुन्हा पाठमोरे झाले. "तिच्यावर ढकलतील हे मला बुधवारपर्यंत ठाऊक नव्हतं. उद्या मी सांगणार आहे, चिमणी मी म्हणून. नोकरी गेली तर गेली. आता जा, थंडी बाहेर जातेय."

मी हजेरीपट घ्यायला धावले. चौदा तारखेच्या पानावर एका नावापुढे सही नव्हती. तिथे 'सूट' असं छापलेलं होतं.

६

शुक्रवारी बारा वाजता सगळे संचालकबाईंच्या खोलीत होते. नवी दाराजवळ उभी होती. तिला कोणी खुर्ची दिली नव्हती.

"पाच मिनिटं," संचालकबाई म्हणाल्या.

"पुरे आहेत. नाव पुसणाऱ्याने पहिल्या पन्नास ओळीच साफ केल्या, कारण माझा स्कॅनर तेवढ्याच वाचतो. ही चूक माझी, ती मी लिहून देते. पण ती फक्त तिघांना माहीत होती आणि तिघंही इथे आहेत. बदल झाला गुरुवारी चार वाजून बारा मिनिटांनी. तेव्हा नवी, भट्टीकाका आणि वकीलबाई माझ्या बंद दाराआड होते. वकीलबाई तर कायद्याचा भाग शिकवत फळ्यासमोर उभ्या होत्या. ही हजेरी."

"सही करून निसटता येतं," दादा म्हणाला.

"माझ्या क्लासमधून?"

वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. "ही बाई शिंकायलाही बाहेर सोडत नाही."

"तिघांपैकी एकालाच क्लासची सूट आहे. प्रमुख म्हणून. त्यानेच त्या दिवशी नवीच्या टेबलावर ही चिठ्ठी लावली, लॅपटॉप लॉक करू नये म्हणून. त्यानेच यादीतून हा कोड काढला. आणि शिक्का टाईप करताना त्याच्या बोटांनी जुनं नाव लिहिलं, कारण त्याने शेवटचा कोड लिहिला त्याला सहा वर्षं झाली आणि तेव्हा कंपनीचं नाव तेच होतं. नवीने तर तो शिक्का जन्मात बघितलेला नाही."

"मी वर मीटिंगमध्ये होतो!" दादा उठला. "बाईंबरोबर!"

संचालकबाईंनी टेबलावरची डायरी उघडली, एक पान उलटलं आणि बंद केली. "चौदाला मी बाहेरगावी होते."

पंचवीस वर्षांत मी बरेच चेहरे पडताना बघितले. हा पडला नाही, फिरला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी समोर ऐकल्या.

"ठीक आहे! मी पुसलं! कंपनीसाठी पुसलं! सोमवारी बॉक्स विकून येणारे पैसे काय मी खाणार होतो? पण हे पत्र कोणी लिहिलं ते विचारा ना! बॉक्स बाहेर गेलेलाच नाही. घरचाच भेदी आहे. परवानगीशिवाय कोड बाहेर देणारा, कंपनीला धमकावणारा. त्याला आधी हाकला!"

भट्टीकाका उभे राहिले. "मी लिहिलं."

"बघा!" दादा म्हणाला. "नियम आहे. परवानगी नाही, तर नोकरी नाही. ताईंचाच नियम आहे."

"माझाच आहे," मी म्हटलं. "म्हणून पूर्ण वाचते. कलम नऊ: 'अर्ज नाकारताना कारण लिहिणं बंधनकारक आहे. तीस दिवसांत लेखी कारण दिलं नाही, तर अर्ज मंजूर झाला असं धरलं जाईल.'" मी तो अर्ज टेबलावर ठेवला. "हा काकांचा अर्ज. कारणाचा रकाना कोरा आहे. मी न वाचता नाकारला. म्हणजे त्यांना तीन वर्षांपासून परवानगी आहे, आणि या कंपनीत निदान मला तरी ते माहीत असायला हवं होतं."

वकीलबाईंनी अर्ज उचलला, उलटसुलट बघितला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांचे दात दुखत असावेत असं वाटलं. "परवानगी धरावी लागेल."

संचालकबाईंनी नवीचं पत्र मधोमध फाडलं. दादाला म्हणाल्या, "ओळखपत्र ठेवा आणि जा." मला म्हणाल्या, "सोमवारी सकाळी माझ्यापुढे या. तुमचा हिशेब वेगळा आहे."

७

बाहेर नवी खोकं उचलून तिच्या टेबलाकडे परत चालली होती. मी म्हटलं, "झालं ते झालं."

"तुम्हीसुद्धा आधी मलाच चोर समजलात," ती म्हणाली.

"हो."

"तुटलेला मग माझ्या आईने दिलेला होता." ती पुढे निघून गेली.

फाईलच्या डोक्यावर नाव आणि लायसन्स परत लावायचं काम उरलं होतं. बदल खुले करायचे होते, बॉक्सबरोबर जाणाऱ्या कागदावरही नाव छापायचं होतं. मी ते घेऊन भट्टीत गेले. काकांनी खुर्ची दिली नाही. मी उभ्याउभ्याच एकेक ओळ भरली.

"आता लपायचं कारण नाही," मी म्हटलं. "परवानगी आहे. तुमचं खरं नाव घालते, पूर्ण. पहिल्या ओळीवर."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, शांतपणे वाचला आणि परत दिला.

"चिमणीच राहू दे," ते म्हणाले. "खऱ्या नावाला तुम्ही नाही म्हणाला होतात."